जुन्या विमानाचा फ्युएल कॉक गळतोय? पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

पुष्पक, टायगर मॉथ, पायपर कब, साठच्या दशकातलं एखादं सेसना. अशा विमानांवर काम करायची संधी पुण्यात राहून सहज मिळत नाही. लोहगाव हवाई दलाचं. हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, पण साध्या ग्लायडरला पेट्रोलच लागत नाही, त्यामुळे तिथे फ्युएल कॉकचा, म्हणजे टाकीतून इंजिनाकडे जाणारं पेट्रोल चालू-बंद करणाऱ्या नळाचा, प्रश्नच निकालात निघतो. उरतं बारामती, नाहीतर थेट मुंबईचं जुहू. मग होतं काय, की एएमईचा (विमान देखभालीच्या इंजिनिअरचा) कोर्स करून बाहेर पडलेल्या मुलामुलींना जेट इंजिनाचे विभाग तोंडपाठ असतात, आणि मुठीएवढा पितळी कॉक हातात दिला की कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. जुनं विमान हौसेनं घेतलेल्या मालकांचीही तीच गत असते, फक्त ते कबूल करत नाहीत.

मी हे काम केलेलं आहे आणि नव्या पोरांकडून करून घेतलेलं आहे. कॉक काढणं, खोलणं, परत बसवणं यात फारसं काही नाही, पाने नीट धरता आले की झालं. कस लागतो तो दोन ठिकाणी: दोष खरंच कॉकचा आहे का हे ठरवताना, आणि काम झाल्यावर इंजिनाला पुरेसं पेट्रोल मिळतंय हे मोजून दाखवताना. लोक नेमक्या याच दोन गोष्टी गाळतात. म्हणून खाली त्या दोन्हींवर जरा जास्त लिहिलं आहे.

१. विमान उडणार आहे की नुसतं उभं राहणार आहे?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

कॉलेजच्या आवारात किंवा संग्रहालयात शोभेला ठेवायचं विमान असेल, तर कॉक दुरुस्त करू नका. टाकी रिकामी करा, वाफ पूर्ण घालवा, कॉक स्वच्छ करून तसाच बसवा, विषय संपला. शोभेच्या विमानात ‘असू दे थोडं’ म्हणून ठेवलेलं पेट्रोल हा निव्वळ धोका आहे.

विमान उडणार असेल, तर काम कोणीही करो, सही लायसन्सवाल्या एएमईचीच लागते. छोट्या पिस्टन विमानांसाठी सीएआर-६६ या देखभाल-लायसन्सच्या नियमांखालचं बी१.२ किंवा बी३ लायसन्स, आणि त्यात त्या विमानाचा अधिकार. मालक असाल तर त्या एएमईला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कॉक खोलून, घासून, चकचकीत करून मग सहीला नेला तर शहाणा एएमई सही करत नाही, आणि त्याचं बरोबर असतं. आतली झीज त्याने पाहिलेलीच नसते.

२. दोष कॉकचाच आहे ना?

कॉक झिजल्याची लक्षणं अशी दिसतात:

• कॉकच्या दांड्याभोवती किंवा खालच्या पत्र्यावर निळसर डाग. एव्हगॅस १००एलएलला, म्हणजे पिस्टन विमानांच्या पेट्रोलला, निळा रंग घातलेला असतो. पेट्रोल उडून जातं, रंग मागे राहतो.
• हँडल ‘बंद’वर असताना गॅस्कोलेटरचा (पाणी-कचरा अडवणाऱ्या गाळणीचा) ड्रेन उघडला की धार थांबतच नाही.
• डावी-उजवी टाकी निवडता येणाऱ्या विमानात एकच टाकी निवडलेली असताना दुसरीही हळूहळू उतरते किंवा भरते.
• हँडल फिरवताना जागेवर बसल्याचा ‘टक’ लागत नाही.
• गॅस्कोलेटरच्या जाळीवर पितळेचा कीस किंवा बुचाचे (कॉर्कचे) कण.
• हँडल जड झालेलं.

शेवटचं लक्षण लोक सर्वात हलक्यात घेतात. ‘जरा जड आहे, पण फिरतं’ असं म्हणून वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात स्वतःचं छोटं लाँग-ईझेड विमान उडवताना गेले. तिथल्या तपास संस्थेच्या अहवालात मुद्दा होता तो टाकी बदलायच्या हँडलचाच. बांधणाऱ्याने ते पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवलेलं, त्यावर खुणा नाहीत, सहज हात पोचत नाही. ते फिरवायच्या खटपटीत विमानावरचा ताबा सुटला. ते विमान जुनं नव्हतं आणि कॉक गळतही नव्हता. तरी जड हँडलची तक्रार आली की मी त्याला गळतीइतकंच गंभीर मानतो.

आता उलट बाजू. पुढची लक्षणं कॉकची वाटतात, पण बऱ्याचदा नसतात.

इंजिन काही मिनिटं नीट चालतं आणि मग आचके देतं? आधी टाकीत हवा येण्याचा मार्ग, म्हणजे व्हेंट, तपासा. पावसाळ्यात आणि नंतर कुंभारीण माशी व्हेंटच्या नळीत मातीचं घर करते. हवा आत शिरली नाही की पेट्रोल बाहेर येत नाही, आणि शिव्या खातो कॉक. त्यानंतर टाकीच्या तोंडाशी असलेली जाळी, गॅस्कोलेटर, आणि जुन्या रबरी नळ्या. नळी बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येतो.

इंजिनावर पेट्रोल ओढणारा पंप असलेल्या विमानात आणखी एक गंमत आहे. कॉकच्या दांड्याचं सील झिजलं, तर पंप चालू असताना त्या फटीतून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. ना डाग, ना वास, फक्त फ्युएल प्रेशरचा काटा थरथरतो. अशा वेळी ‘कॉक कोरडा आहे, म्हणजे चांगला आहे’ हा निष्कर्ष साफ चुकीचा. टाकी कॉकच्या वर असेल, तर इंजिन बंद ठेवून, कॉक उघडा ठेवून रात्रभर खाली पांढरा कागद पसरा. ओढ नसली की हीच फट सकाळी कागदावर निळा ठिपका सोडते.

३. कागद आधी, पाने नंतर

जमवायचे ते असे:

• त्या विमानाचं मेंटेनन्स मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग, तुमच्या सीरियल नंबरला लागू असलेली आवृत्ती
• टाइप सर्टिफिकेटचा डेटा शीट
• एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सक्तीचे सुरक्षा आदेश) आणि सर्व्हिस बुलेटिन (उत्पादकाच्या सूचना). विमान ज्या देशात डिझाइन झालं तिथले आणि आपल्या डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे), दोन्ही
• विमानाचं आणि इंजिनाचं लॉगबुक, अगदी पहिल्या पानापासून
• एअरवर्दीनेस रिव्ह्यू सर्टिफिकेटची प्रत
• नव्या भागांसोबत आलेलं रिलीज सर्टिफिकेट (भाग वापरायला योग्य असल्याचा दाखला): डीजीसीएचा सीए फॉर्म १, अमेरिकेचा ८१३०-३ किंवा युरोपचा ईएएसए फॉर्म १
• वर्क ऑर्डर आणि मापं लिहायला कोरा तक्ता

लॉगबुक पहिल्या पानापासून का? साठ वर्षांत कोणी ना कोणी कॉक बदललेला असतो. पुष्पकचंच घ्या. एचएएलने बनवलेलं हे ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिनवालं विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडालं, आणि दिसायला ते अमेरिकन एरोंका चीफचं भावंड आहे. म्हणून ‘चीफचाच कॉक मागवू, बसेल’ असा सल्ला सर्रास मिळतो. बसेलही. पण बसणं आणि मंजूर असणं यात फरक आहे. तुमच्या कॅटलॉगमधला पार्ट नंबर आणि तुमच्या विमानात आत्ता बसलेला पार्ट नंबर जुळत नसेल, तर तो बदल कधी, कोणाच्या मंजुरीने झाला ते लॉगबुकात सापडलं पाहिजे. नाही सापडलं तर तिथेच थांबा. मुंबईच्या विभागीय डीजीसीए कार्यालयाशी एएमईमार्फत बोलणं हे अशा वेळी पहिलं काम, शेवटचं नाही.

परदेशातून भाग मागवताना बिलावर नुसतं ‘ब्रास व्हॉल्व्ह’ लिहू देऊ नका. पार्ट नंबर आणि विमानाचा प्रकार लिहायला सांगा. नाहीतर तुमचा कॉक कस्टम्समध्ये नळाच्या सामानात जाऊन बसतो आणि पत्रव्यवहार तुमच्या गळ्यात पडतो.

४. सामान

साधे पाने दोन संच (दोन का, ते पुढे येईल), आरसा आणि टॉर्च, मायक्रोमीटर, आट्यांचा गेज, प्रशियन ब्लू (दोन भाग कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग), लॉकवायर आणि तिची पक्कड, नव्या स्प्लिट पिना, नळ्यांची तोंडं बंद करायला बुचं, पत्र्याचे डबे, जाळीचं धातूचं नरसाळं, अर्थिंगच्या वायरी, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, ड्राय पावडरचा अग्निशामक. मोजपट्टी असलेलं एक लिटरचं भांडं आणि स्टॉपवॉच विसरू नका.

दोन वस्तू मात्र खास आणाव्या लागतात. एक, पेट्रोलमध्ये न विरघळणारं ग्रीस, जे ‘इझी टर्न’ किंवा ‘फ्युएल ल्यूब’ या नावानं मिळतं. साधं ग्रीस पेट्रोल धुऊन नेतं आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये नेऊन बसवतं. दुसरी, योग्य ओ-रिंग, म्हणजे सीलची रबरी कडी. इथे फसगत ठरलेली. पेट्रोलसाठीची रिंग म्हणजे एमएस २९५१३. हायड्रॉलिक तेलासाठीची एमएस २८७७५. मापं तीच, रंग तोच, हातात घेऊन फरक कळत नाही. कळतो तो महिन्यांनी, रिंग फुगून हँडल जाम झालं की. गाडीच्या ब्रेकच्या किटमधल्या रिंगा तर पेट्रोलला चालतच नाहीत. पाकिटावर पार्ट नंबर आणि बनवल्याची तिमाही छापलेली असेल तरच रिंग घ्या. नाना पेठेत सुट्ट्या रिंगांच्या माळा टांगलेल्या असतात, स्कूटरसाठी उत्तम आहेत, तिथेच असू द्या.

५. टाकी रिकामी करणं

हे हँगरमध्ये नाही, बाहेर मोकळ्यावर. क्रम असा: बॅटरी काढा, विमान जमिनीशी अर्थ करा, डबा विमानाशी वायरने जोडा, मग ड्रेन उघडा. डबा पत्र्याचा. प्लास्टिकच्या कॅनमध्ये वाहतं पेट्रोल स्थिर वीज साठवतं, आणि पुण्याची जानेवारीतली कोरडी हवा त्याला मदतच करते. टायगर मॉथवर काम असेल तर लक्षात ठेवा की त्याची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध आहे, १९ इंपिरियल गॅलनची, म्हणजे सुमारे ८६ लिटर, आणि ती तुमच्या डोक्यावर असते.

पेट्रोलची वाफ हवेहून जड. टाकी रिकामी झाली तरी वाफ विमानाच्या पोटात बसून राहते. सगळी झाकणं उघडी ठेवून वारा खेळू द्या. ती काढायला घरचा व्हॅक्युम क्लीनर कधीही लावू नका. त्याच्या मोटरची ठिणगी पुरते. हॅलोजनचा दिवाही नको.

काढलेलं निळं पेट्रोल स्वतःच्या स्कूटरमध्ये ओतायचा मोह सगळ्यांना होतो. १००एलएलमध्ये शिसं असतं. आजच्या स्कूटरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यानं निकामी होतो. हातालाही लावून घेऊ नका.

आणि उलटं तर मुळीच करू नका. पंपावरचं पेट्रोल कॉक धुवायला किंवा चाचणीला वापरू नका. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. जुन्या कॉकमधल्या बुचाच्या चकत्या आणि टाकीतले बुचाचे फ्लोट लाखेचा थर देऊन बंद केलेले असत. सुतार पॉलिश करताना लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवतात ना, तेच इथे टाकीच्या आत घडतं. थर गेला की बूच पेट्रोल पितं, फ्लोट बुडतो, आणि गेज रिकामी टाकी दाखवतं. पेट्रोलबद्दल शंका असेल तर साधी परीक्षा आहे: मोजपट्टीच्या नळीत थोडं पाणी घ्या, रेघेची खूण करा, वर पेट्रोल ओता, हलवा, स्थिर होऊ द्या. पाण्याची पातळी वर सरकलेली दिसली तर इथेनॉल आहे.

६. कॉक काढताना

हात लावण्याआधी फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, हँडल प्रत्येक स्थितीत ठेवून. मग दांडा, हँडल आणि बॉडीवर जुळणीची खूण करा. बऱ्याच कॉकमध्ये आतला प्लग १८० अंश उलटा बसू शकतो. बसतो छान, आणि हँडल ‘बंद’ म्हणतं तेव्हा चालू असतो.

नट सोडताना एक पाना नटवर, दुसरा कॉकच्या फिटिंगवर. एकाच पान्यानं जोर लावला तर मऊ ॲल्युमिनियमची नळी पिळली जाते, आणि ती नळी बनवायचं काम कॉकपेक्षा मोठं असतं. उघड्या तोंडांना बुचं लावा. चिंधी कोंबू नका. तिचा एक धागा पुरे होतो.

७. उघडा, धुवा, मोजा

जुन्या विमानांत मुख्यतः तीन जातीचे कॉक भेटतात.

पहिला शंकूचा: पितळी बॉडी, त्यात निमुळता पितळी प्लग, खालून स्प्रिंग. साधा, दणकट. यात धातूवर धातू घासतो, त्यामुळे एकदा बारीक कण शिरला की प्लगवर गोल ओरखडे पडतात. दुसरा बुचाचा: फिरणाऱ्या चकतीखाली बुचाचं सील. विमान रिकाम्या टाकीनं वर्षभर उभं राहिलं की बूच सुकतं, आकसतं, तडकतं. पुण्याचा उन्हाळा ते काम लवकर उरकतो. तिसरा ओ-रिंग आणि स्प्रिंगचा: सेसना वगैरेंच्या निवड-कॉकमध्ये दिसतो. यात रिंगा कडक होतात, ‘टक’ देणाऱ्या गोळ्यांच्या खळ्या झिजतात.

धुण्यासाठी मॅन्युअलमधलं सॉल्व्हंट. मग उजेडात बघा. प्लग शंकूचा असेल तर त्यावर प्रशियन ब्लूचा पातळ हात फिरवा, बॉडीत बसवून थोडा फिरवा, काढा. निळा रंग भोकांभोवती अखंड उमटला पाहिजे. दोन भोकांमध्ये पांढरी वाट दिसली, तर तीच गळतीची वाट.

हँडल आणि दांड्यामधली पिन तपासा, यात बऱ्याच जणांची फसगत होते. पिन झिजली की हँडल ‘डावी’ दाखवतं आणि प्लग अर्ध्या वाटेवर उभा असतो. जमिनीवर कमी आरपीएमला इंजिन मजेत चालतं. पूर्ण थ्रॉटल दिला की उपाशी राहतं, म्हणजे नेमकं टेकऑफला. अशा वेळी कॉक अगदी निर्दोष असू शकतो आणि दोष पिनचा, किंवा मधल्या जोडदांड्याच्या नकल जॉइंटचा असतो.

८. दुरुस्त करायचा की बदलायचा?

माझा निकष सरळ आहे. रिंगा, स्प्रिंग, पिन, बूच यांपैकी काही गेलं असेल आणि मंजूर किट मिळत असेल तर दुरुस्ती. बॉडीला चीर, ॲल्युमिनियमच्या बॉडीत खड्डे पाडलेला पांढरा गंज, किंवा फिटिंगचे आटे गेलेले असतील तर बदली. इथे काटकसरीला जागा नाही.

मधला, वादाचा प्रकार म्हणजे शंकूच्या प्लगचं लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून तो बॉडीत घासून बसवणं. मॅन्युअल परवानगी देत असेल तरच करा, आणि दोन गोष्टी सांभाळा. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची कार्बोरंडमची पेस्ट वापरू नका. पितळ मऊ असतं. ते कडक कण त्यात रुतून बसतात आणि तुम्ही धुतल्यानंतरही प्लग आतून खातच राहतात. मऊ धातूसाठीचं, घासता घासता स्वतःच मोडत जाणारं कंपाउंड मिळतं, ते आणा. दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. निमुळता प्लग जितका घासाल तितका बॉडीत खाली उतरतो. तो खाली गेला की त्याचं भोक बॉडीच्या भोकासमोर राहत नाही. कॉक गळायचा थांबतो, पण पूर्ण उघडल्यावरही वाट आधीपेक्षा अरुंद असते. म्हणून लॅपिंगआधी आणि नंतर प्लगची खोली मोजून तक्त्यात लिहा, आणि उघड्या स्थितीत भोकातून आरपार बघा. चंद्रकोर दिसली तर प्लग गेला.

आता भोसरी. तिथल्या टर्नर मंडळींच्या हाताला तोड नाही. तुम्ही कॉक घेऊन गेलात की ठरलेलं उत्तर येतं: “साहेब, नवीन प्लग टर्न करून देतो ना, उद्या संध्याकाळी या.” देतीलही, आणि मूळ प्लगपेक्षा सरस देतील. पण त्या प्लगच्या पितळेचं सर्टिफिकेट नाही, ड्रॉइंग नाही, मंजुरी नाही. विमानाच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही. अमेरिकेत मालकाला स्वतःच्या विमानासाठी काही अटींवर भाग बनवून घेता येतो, आणि इंटरनेटवरच्या चर्चा वाचून आपल्याकडेही तसंच असेल असं लोक धरून चालतात. धरू नका. आपल्याकडे रस्ता आहे तो मंजूर मेंटेनन्स संस्थेचा: तिच्या परवान्याच्या कक्षेत, मंजूर डेटावर, तिच्याच छताखाली चाललेल्या कामासाठी ठरावीक भाग बनवता येतात. भोसरीत मी जातो ते जिग आणि चाचणीचे अडॅप्टर बनवून घ्यायला. त्यासाठी त्यांच्यासारखं कोणी नाही.

बुचाच्या जागी रबर किंवा प्लास्टिकचं सील टाकणं हाही बदलच. मंजूर किट असेल तर बेलाशक टाका, बुचापेक्षा चांगलंच. नसेल तर बूचच बसवा.

९. टेबलावरची चाचणी

विमानात बसवायच्या आधी. किती दाब द्यायचा ते मॅन्युअल सांगतं, पण लोक फक्त जास्त दाबाला तपासतात, ते पुरेसं नाही. पेट्रोलची एक मीटर उंची म्हणजे जेमतेम ७ किलोपास्कल, साधारण १ पीएसआय. जास्त दाबाखाली ओ-रिंग फुगून खाचेत घट्ट बसते आणि गळती झाकली जाते. तीच रिंग १ पीएसआयला पाझरते. म्हणून कमी दाबाला आणि मॅन्युअलच्या दाबाला, दोन्हीकडे बघा. रॉकेलमध्ये बुडवून हवा द्या, प्रत्येक स्थितीत बुडबुडे शोधा. ‘बंद’, ‘डावी’, ‘उजवी’, आणि हँडल मधल्या मध्ये असतानासुद्धा. दांड्याची बाजू विसरू नका.

१०. बसवणं

इथले सापळे आट्यांचे आहेत.

अमेरिकन विमानात निमुळत्या आट्यांचं फिटिंग एनपीटी (अमेरिकन मापाच्या आट्यांचं) असतं. रविवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘पाव इंची’ म्हणून मिळतं ते बहुतेक बीएसपी (ब्रिटिश मापाचं). पाव इंचाला एनपीटीचे इंचाला १८ आटे, बीएसपीचे १९. दोन-तीन फेरे छान बसतं, मग जड होतं, आणि ‘घट्ट झालं’ असं वाटतं. प्रत्यक्षात आटे कापले जात असतात. ब्रिटिश विमानात उलट परिस्थिती, तिथे बीएसपी भेटतं. आट्यांचा गेज लावल्याशिवाय काही फिरवू नका.

नळीच्या फ्लेअरचंही, म्हणजे तिच्या पसरट केलेल्या तोंडाचंही, तेच. विमानाचा फ्लेअर ३७ अंशांचा, गाड्यांचा ४५ अंशांचा. ब्रेकचे पाइप बनवणाऱ्याकडचं हत्यार ४५ चं असतं. त्याचा फ्लेअर ३७ च्या फिटिंगवर एका कडेवर टेकतो, जमिनीवर धरतो, आणि कंपनानं तडकतो.

टेफ्लॉन टेप हँगरबाहेर ठेवा. तिचे तंतू जेटपर्यंत जातात. सीलंट फक्त निमुळत्या आट्यांवर, टोकाचे पहिले दोन आटे सोडून. फ्लेअरच्या जोडावर काहीच लावायचं नाही. तिथे धातू धातूवर बसतो, सीलंट लावून दोष फक्त झाकला जातो.

टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, नवी स्प्लिट पिन, लॉकवायर. हँडलखालची पाटी वाचता येत नसेल तर ती आत्ताच बदला.

११. वाहतं पेट्रोल मोजणं

हा टप्पा ‘गळत नाही ना, मग झालं’ म्हणून गाळला जातो. लॅपिंग केलेला प्लग, वाकलेली नळी, उलटी बसलेली जाळी, हे सगळं इथेच पकडलं जातं.

जुन्या विमानांना लागू असलेल्या अमेरिकन नियमांनुसार टाकीतून नुसत्या उतारानं पेट्रोल येत असेल, तर टेकऑफला इंजिन जितकं पेट्रोल पितं त्याच्या १५० टक्के वाहिलं पाहिजे. पंपानं येत असेल तर १२५ टक्के. समजा इंजिन टेकऑफला ताशी ३० लिटर घेतं. दीडपट ४५ लिटर, म्हणजे मिनिटाला ७५० मिलिलिटर. एक लिटरचं भांडं ८० सेकंदांत भरलं पाहिजे.

विमानाचं नाक चढाईच्या कोनात उचललेलं हवं. शेपटीचं चाक असलेलं विमान उभं असताना थोडं उचललेलं असतंच, पण कोन मोजा, गृहीत धरू नका. टाकीत पेट्रोल अगदी कमी ठेवा, कारण उंची कमी असते तेव्हाच खरी परीक्षा होते. कार्ब्युरेटरपाशी नळी सोडा, अर्थिंग जोडलेलंच ठेवा, धातूच्या डब्यात धार सोडा, मग मोजा. प्रत्येक टाकीसाठी वेगळं. आकडे तक्त्यात लिहा. पुढच्या वर्षी कोणी ‘इंजिन उपाशी राहतंय’ म्हणालं, तर हा तक्ता तुमच्या हातात असेल.

शक्य असेल तर कॉक काढण्याआधीही हीच चाचणी करून ठेवा. आधीचा आकडाच नसेल तर काम करून वाहणं सुधारलं की बिघडलं, ते कशावरून सांगणार?

१२. इंजिन, लॉगबुक आणि जुना कॉक

इंजिन चालू करून प्रत्येक स्थितीवर काही मिनिटं ठेवा, फक्त आयडलला नाही, मॅन्युअल देईल तेवढ्या पॉवरला. मग हँडल ‘बंद’ करा आणि इंजिन थांबायला किती वेळ लागतो तो लिहा. कार्ब्युरेटरमधलं संपेपर्यंत ते चालणारच. पण थांबलंच नाही, तर कॉक बंद होत नाहीये. टाकीत पेट्रोल ठेवून विमान एक रात्र उभं करा आणि सकाळी पुन्हा डाग बघा.

लॉगबुकात ‘कॉक दुरुस्त केला’ एवढंच लिहू नका. पार्ट नंबर, रिंगांचा बॅच, रिलीज सर्टिफिकेटचा नंबर, कोणत्या मॅन्युअलच्या कोणत्या आवृत्तीवर काम झालं, दोन्ही चाचण्यांचे आकडे, आणि त्याखाली एएमईची सही. पहिलं उड्डाण एअरफील्डच्या आसपासच, पुरेशा उंचीवर, दोन्ही टाक्या बदलून बघायला.

जुना कॉक बदलला असेल तर त्याला लाल टॅग लावा, आणि भंगारात देण्याआधी हातोड्यानं बॉडी फोडून दांडा कापून टाका. नुसता दिलात तर पॉलिश होऊन जुन्या बाजारात येतो, आणि कोणीतरी तो ‘ओरिजिनल’ म्हणून विकत घेतं.